परिमिती दिली, बाजू शोधा

बहुभुजाकृतीच्या सर्व बाजूंच्या लांबीची बेरीज म्हणजे तिची परिमिती. बाजू माहीत असतील तर परिमिती काढायला बेरजेपलीकडे काही लागत नाही. अडचण प्रश्न उलटा आला की सुरू होते. परिमिती २० मीटर आहे, तर आयताच्या बाजू किती? लांबी ५.१ मीटर चालते, ५.०१ चालते आणि ५.००१ सुद्धा चालते, त्यामुळे उत्तरांना अंत नाही. पण ‘बाजू पूर्ण संख्येत असाव्यात’ एवढी एक अट घातली की उत्तरे मोजून पाच उरतात. पूर्णांकाची अट दिसायला अडसर वाटते, प्रत्यक्षात तीच प्रश्न सोडवून देते. शिष्यवृत्ती परीक्षेपासून ऑलिम्पियाडपर्यंत या प्रकारची उदाहरणे येतात ती याच कारणाने.

पूर्ण संख्या येतात कुठून

प्रत्यक्ष जमिनीवर कोणतीच बाजू मुळात पूर्ण संख्येची नसते. पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यात पौड, कोळवण, माले या भागांत भातखाचरे उतारावर टप्प्याटप्प्याने उतरत जातात आणि त्यांचे बांध उताराच्या वळणाने फिरतात. मोजणीत ही वळणे लहान लहान सरळ रेषांनी बदलली जातात आणि खाचराचा बहुभुज तयार होतो. मग प्रत्येक रेषा ठरलेल्या एककात मोजून लिहिली जाते. लहानात लहान एकक एकदा ठरले की त्या एककात प्रत्येक बाजू पूर्ण संख्येचीच लिहावी लागते.

मुंबई इलाख्याची जमीन मोजणीची आणि आकारणीची पद्धत पुणे जिल्ह्यातच, इंदापूर तालुक्यात, १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी बसवली. या मोजणीतली साखळी ३३ फुटांची होती आणि तिचे १६ आणे पाडलेले होते. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जागा म्हणजे १ गुंठा, अर्थात १०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे १ एकर. ७ साखळ्या ५ आणे लांबीचा बांध आण्यांत ७ × १६ + ५ = ११७ होतो. सातबाऱ्यावर आज हेक्टर आणि आर असले तरी जागेच्या व्यवहारात बोलणे गुंठ्यांतच होते. म्हणून पुढची काही उदाहरणे गुंठ्याच्याच मापाने घेतली आहेत.

आयत: निमपट आणि तिची फोड

आयताची परिमिती = २ × (लांबी + रुंदी). दोन्ही बाजू पूर्णांक असतील तर कंसातली बेरीजही पूर्णांक, म्हणून परिमिती समच असणार. परिमिती ७५ असलेला पूर्णांक बाजूंचा आयत अस्तित्वातच नाही, हे एक आकडाही न मांडता सांगता येते.

१ गुंठ्याच्या चौरसाची बाजू ३३ फूट आणि परिमिती १३२ फूट. १३२ फूट परिमितीचे, पूर्ण फुटांच्या बाजूंचे आयत किती? परिमितीची निमपट ६६, म्हणजे लांबी आणि रुंदी यांची बेरीज ६६. रुंदी ही लहान किंवा समान बाजू मानली तर ती १ पासून ३३ पर्यंत कोणतीही असू शकते, म्हणून आयत ३३. चौरसही यात मोजलेला आहे. सर्वसाधारण नियम असा: सम परिमितीला ४ ने भागावे आणि बाकी सोडून द्यावी, येणारा भागाकार म्हणजे आयतांची संख्या. परिमिती २२ असेल तर भागाकार ५ येतो आणि आयतही पाचच मिळतात: १ × १०, २ × ९, ३ × ८, ४ × ७, ५ × ६.

या ३३ आयतांना कुंपण सारखेच लागते, पण आतली जमीन सारखी नसते. बाजू ३३ पेक्षा k फुटांनी कमी-जास्त केल्या तर क्षेत्रफळ (३३ − k) × (३३ + k) = १०८९ − k² होते. ३० × ३६ फुटांच्या जागेत १०८० चौरस फूट मिळतात, म्हणजे ९ चौरस फुटांचीच घट. २२ × ४४ मध्ये ९६८ मिळतात. ६ × ६० च्या पट्टीत ३६० आणि १ × ६५ च्या पट्टीत अवघे ६५. परिमिती सारखी म्हणजे क्षेत्रफळ सारखे, हा समज इथे पुरता मोडतो.

प्रश्न उलटून पाहिला तर भाज्यता कामाला येते. क्षेत्रफळ बरोबर १०८९ चौरस फूट हवे आणि बाजू पूर्ण फुटांत हव्यात, तर १०८९ चे अवयव पाडावे लागतात. १०८९ = ३ × ३ × ११ × ११, म्हणून जोड्या पाच: १ × १०८९, ३ × ३६३, ९ × १२१, ११ × ९९ आणि ३३ × ३३. त्यांच्या परिमिती अनुक्रमे २१८०, ७३२, २६०, २२० आणि १३२ फूट. एका एकराची गोष्ट आणखी गमतीची आहे. ४३,५६० हा पूर्ण वर्ग नसल्याने पूर्ण फुटांच्या बाजूंचा १ एकराचा चौरस होत नाही. चौरसाच्या सर्वांत जवळ जाणारा पूर्णांकी आयत १९८ × २२० फुटांचा, त्याची परिमिती ८३६ फूट. बाजू पूर्ण साखळ्यांतच हव्या असतील तर ४० चे अवयव घ्यावे लागतात. त्यांत ५ × ८ साखळ्यांचा आयत सर्वांत कमी कुंपणाचा ठरतो: २६ साखळ्या, म्हणजे ८५८ फूट.

कोपरा कापला तर

सर्व कोपरे काटकोनी असलेली आकृती आयतच असते असे नाही. ६० × ४० फुटांच्या जागेचा १५ × १० फुटांचा कोपरा रस्त्यासाठी सोडला तर सहा बाजूंची आकृती उरते: ६०, ३०, १५, १०, ४५ आणि ४०. बेरीज २०० फूट. मूळ आयताची परिमितीही २०० च होती. क्षेत्रफळ मात्र २४०० वरून २२५० वर आले. कारण सोपे आहे: हद्दीने एक पूर्ण फेरी मारताना पूर्वेला जितके चालावे तितकेच पश्चिमेला परत यावे लागते, आणि उत्तर-दक्षिणेचेही तसेच. कोपरा कापल्याने चालण्याचा क्रम बदलतो, एकूण अंतर बदलत नाही.

यातून दोन गोष्टी हाती लागतात. पूर्णांक बाजूंच्या कोणत्याही काटकोनी आकृतीची परिमिती समच असते. आणि परीक्षेत काही बाजूंची लांबी दिलेली नसली तरी कोपरे कापलेल्या आकृतीची परिमिती बाहेरच्या आयतावरून काढता येते. खाच बाजूच्या मध्यावर असेल तर मात्र तिच्या खोलीची दुप्पट मिळवावी लागते. वरचीच १५ × १० ची खाच ६० फुटी बाजूच्या मधोमध आत शिरली तर परिमिती २२० फूट होते.

त्रिकोण: आकृती बंद होते का

आयताच्या उदाहरणांत बेरीज जुळली की काम झाले. त्रिकोणात बेरीज जुळूनही आकृती तयार होत नाही असे घडते. त्रिकोणाच्या कोणत्याही दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा जास्त असावी लागते. हाच नियम कितीही बाजूंच्या आकृतीला लागू करून असा मांडता येतो: सर्वांत मोठी बाजू परिमितीच्या निमपटीपेक्षा लहान असली पाहिजे.

भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लिहिलेल्या ‘लीलावती’त ही अट स्पष्ट शब्दांत दिली आहे. ज्या सरळ बाजूंच्या आकृतीत इतर बाजूंची बेरीज एका बाजूपेक्षा कमी किंवा तिच्याएवढीच असते, तिला ते ‘अक्षेत्र’ ठरवतात आणि असे उदाहरण घालणाऱ्याला धीट म्हणतात. त्यांनी दिलेली उदाहरणे दोन आहेत: ३, ६, २, १२ बाजूंचा चौकोन आणि ३, ६, ९ बाजूंचा त्रिकोण. पहिल्यात परिमिती २३ आणि निमपट साडेअकरा. १२ ची बाजू तिच्या पुढे जाते, म्हणून आकृती मिटत नाही. दुसऱ्यात परिमिती १८ आणि मोठी बाजू बरोबर ९. तिथे ३ आणि ६ च्या बाजू ९ च्या बाजूवर सपाट पडतात. पटत नसेल तर बाजूंच्या मापाच्या सरळ काड्या मांडून पाहाव्यात, ही सूचनाही तिथेच आहे.

या अटीचा साधा उपयोग समद्विभुज त्रिकोणात होतो. दोन बाजू ४ आणि ९ आहेत, परिमिती किती? तिसरी बाजू ४ किंवा ९ असू शकते असे वाटते, पण ४, ४, ९ हे अक्षेत्र आहे. म्हणून बाजू ४, ९, ९ आणि परिमिती २२ एवढे एकच उत्तर.

आता परिमिती १२ असलेले पूर्णांकी त्रिकोण मोजायचे. मोठ्या बाजूपासून सुरुवात केली आणि बाजू उतरत्या क्रमाने लिहिल्या तर एकही त्रिकोण सुटत नाही आणि एकही दोनदा येत नाही. मोठी बाजू ६ पेक्षा लहान आणि परिमितीच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी किंवा जास्त, म्हणजे ४ किंवा ५. ती ५ असेल तर उरलेल्या दोहोंची बेरीज ७, म्हणून ५, ५, २ आणि ५, ४, ३. ती ४ असेल तर ४, ४, ४. एकूण तीन. १२ समान भागांच्या दोरीने काटकोन आखायची रीत फार जुनी आहे. ती याच तिनांपैकी ५, ४, ३ वर चालते, कारण ३² + ४² = ५². पाया आखताना गवंडी ६, ८, १० फुटांनी काटकोन तपासतात तो याचाच दुप्पट त्रिकोण.

परिमिती ११ केली तर त्रिकोण कमी होतील अशी अपेक्षा असते. मोठी बाजू पुन्हा ४ किंवा ५. मात्र आता ५, ५, १; ५, ४, २; ५, ३, ३ आणि ४, ४, ३ असे चार त्रिकोण मिळतात. परिमिती एकाने घटली आणि त्रिकोण एकाने वाढला. याचे कारण सम-विषमतेत आहे. परिमिती सम असेल तेव्हा लहान दोन बाजूंची बेरीज आणि मोठी बाजू दोन्ही सम किंवा दोन्ही विषम असतात, म्हणून त्यांच्यातला फरक किमान २ असतो. मग तिन्ही बाजूंतून १ वजा केला तरी त्रिकोण टिकतो. १ ही बाजू सम परिमितीत येऊच शकत नाही, त्यामुळे वजाबाकी कुठे अडत नाही. उलट, विषम परिमितीच्या त्रिकोणाच्या प्रत्येक बाजूत १ मिळवला की सम परिमितीचा त्रिकोण मिळतो. म्हणून सम परिमितीचे त्रिकोण तिच्यापेक्षा ३ ने लहान परिमितीच्या त्रिकोणांइतकेच असतात. १२ चे २, ५, ५; ३, ४, ५ आणि ४, ४, ४ हे तीन त्रिकोण ९ च्या १, ४, ४; २, ३, ४ आणि ३, ३, ३ यांच्याशी एकास एक जुळतात.

मोजणी न करता संख्या हवी असेल तर सूत्र आहे. परिमिती n सम असल्यास n² ला ४८ ने भागावे, विषम असल्यास (n + ३)² ला ४८ ने भागावे, आणि उत्तर जवळच्या पूर्णांकात घ्यावे. १२ साठी १४४ ÷ ४८ = ३. ११ साठी १९६ ÷ ४८ = ४.०८…, म्हणजे ४. ३३ साठी १२९६ ÷ ४८ = २७. गणितात या संख्यांच्या क्रमिकेला आठव्या शतकातल्या अल्क्विन या युरोपीय पंडिताचे नाव आहे.

चौकोन आणि पुढे

चार बाजूंच्या आकृतीत मोजणीची रीत तीच राहते. परिमिती १० असेल तर मोठी बाजू ५ पेक्षा लहान आणि किमान ३. मोठी बाजू ४ घेतल्यास ४, ४, १, १; ४, ३, २, १ आणि ४, २, २, २. ती ३ घेतल्यास ३, ३, ३, १ आणि ३, ३, २, २. असे बाजूंचे पाच संच मिळतात. पण इथे एक नवी सावधगिरी लागते. ३, ३, २, २ याच क्रमाने बाजू मांडल्या तर पतंगाकृती होते, ३, २, ३, २ अशा मांडल्या तर समांतरभुज चौकोन. उदाहरणात बाजूंचे संच विचारले आहेत की आकृत्या, हे आधी वाचून घ्यावे लागते.

त्याहून मोठा फरक असा की तीन बाजू ठरल्या की त्रिकोण ठरतो, चार बाजू ठरूनही चौकोन ठरत नाही. भास्कराचार्यांनी यासाठी २५ ची प्रत्येक बाजू असलेला चौकोन घेतला. त्याचे कर्ण ३० आणि ४० असतील तर क्षेत्रफळ ६००, कर्ण १४ आणि ४८ असतील तर ३३६, आणि दोन्ही कर्ण सारखे, म्हणजे चौरस असेल तर ६२५. तिन्हींची परिमिती १०० च आहे. कर्ण किंवा लंब सांगितल्याशिवाय चौकोनाचे क्षेत्रफळ विचारणे त्यांना मान्य नव्हते. शंकू (काटकोन पाडायचे साधन) आणि साखळी यांच्या मोजणीत शेताच्या आतून रेषा टाकून त्याचे त्रिकोण आणि समलंब चौकोन पाडतात त्यामागेही हेच आहे. नुसत्या बांधांच्या लांबीवरून परिमिती मिळते, गुंठे मिळत नाहीत.

बाजू क्रमागत असतील तर प्रश्न भाज्यतेचा होतो. तीन क्रमागत संख्यांची बेरीज मधल्या संख्येच्या तिप्पट असते, म्हणून परिमितीला ३ ने भाग गेला पाहिजे. परिमिती ४२ असेल तर मधली बाजू १४ आणि त्रिकोण १३, १४, १५ चा. ‘लीलावती’तही हा त्रिकोण आहे. १४ च्या पायावर १२ चा लंब पडतो, पायाचे ५ आणि ९ असे दोन भाग होतात आणि क्षेत्रफळ ८४ येते. चार क्रमागत बाजूंची बेरीज ४a + ६ या रूपाची, म्हणजे ४ ने भागल्यावर बाकी २ उरलीच पाहिजे. म्हणून परिमिती १०० असलेला क्रमागत बाजूंचा चौकोन मिळत नाही. पाच बाजूंचा मिळतो: १८, १९, २०, २१, २२. आठ बाजूंचाही मिळतो: ९ पासून १६ पर्यंत.

कुंपणाचे खांब

पाच बाजूंच्या एका शेताचे बांध ९६, ७२, १२०, ६० आणि ८४ फुटांचे आहेत. प्रत्येक कोपऱ्यावर खांब हवा, सर्व खांबांतले अंतर सारखे हवे आणि खांब कमीत कमी लागावेत. परिमिती ४३२ फूट. मोठी बाजू १२०, निमपट २१६, म्हणजे आकृती बंद होते. कोपऱ्यावर खांब येण्यासाठी अंतराने प्रत्येक बाजूला पूर्ण भाग जायला हवा. असे सर्वांत मोठे अंतर म्हणजे पाचही बाजूंचा मसावि, तो १२. खांब ४३२ ÷ १२ = ३६. कुंपण बंद फेरीचे असल्याने खांब आणि गाळे सारखेच राहतात. एका सरळ बांधावर मात्र खांब गाळ्यांपेक्षा एकाने जास्त लागतो आणि उदाहरणे बहुधा इथेच चुकतात. एक गाळा फाटकासाठी मोकळा ठेवला तरी खांब ३६ च राहतात. तारेचे चार पदर मात्र ४२० × ४ = १६८० फुटांचे होतात. १० फुटांचे अंतर धरले तर ते १२० ला आणि ६० ला चालते, पण ९६ ला अडते. काही बाजूंना भाग जाणे पुरेसे नाही, प्रत्येक बाजूला जायला हवा.

परिमिती आणि क्षेत्रफळाचा आकडा एकच

परिमितीचा आणि क्षेत्रफळाचा आकडा सारखा असलेले पूर्णांकी आयत किती, हा याच जातीचा एक जुना प्रश्न. बाजू a आणि b असतील तर ab = २a + २b. दोन्ही बाजूंची मांडणी बदलली की (a − २)(b − २) = ४ मिळते. ४ चे अवयव १ × ४ आणि २ × २ एवढेच, म्हणून आयत दोनच: ३ × ६ आणि ४ × ४. त्रिकोणांत असे पाच आहेत: ५, १२, १३; ६, ८, १०; ६, २५, २९; ७, १५, २० आणि ९, १०, १७. पहिले दोन काटकोनी आहेत.

एककाची मर्यादा

वरचे सर्व निष्कर्ष ज्या एककात बाजू पूर्ण संख्येच्या आहेत त्या एककापुरतेच खरे असतात. १ गुंठ्याच्या चौरसाची परिमिती १३२ फूट, ४४ यार्ड किंवा ६४ आणे. पण ३३ फूट म्हणजे १०.०५८४ मीटर, म्हणून तीच परिमिती मीटरमध्ये ४०.२३३६ होते आणि तिथे सम-विषम, अवयव, मसावि यांना अर्थ उरत नाही. म्हणून बाजू वेगवेगळ्या मापांत दिल्या असतील तर आधी त्या एका लहान एककात आणाव्यात आणि मगच मोजणी सुरू करावी.

मोजलेली लांबी जवळच्या पूर्ण एककात लिहिली असेल तर प्रत्येक बाजूत जास्तीत जास्त अर्ध्या एककाची चूक राहू शकते. १ आणा म्हणजे २.०६२५ फूट. पाच बाजूंचे खाचर जवळच्या पूर्ण आण्यांत लिहिले तर परिमितीत अडीच आण्यांपर्यंत, म्हणजे सुमारे ५ फूट २ इंचांपर्यंत फरक पडू शकतो. बाजू जितक्या जास्त तितकी ही शक्यता वाढते. त्यामुळे अनेक वळणांच्या बांधाला कमी बाजूंत बसवले तर वळणे हुकतात आणि जास्त बाजूंत बसवले तर चुकांची बेरीज वाढते. मोजणीचे एकक लहान घेणे हाच त्यावरचा उपाय.